पाडव्याचा हिशोब

काल सूर्यास्ताला गुढ्या उतरल्या आणि आम्ही चाळीसेक माणसं जुन्या बारवेच्या पायऱ्यांवर बसून गावाच्या वर्षाचा हिशोब वाचला. वही माझ्याकडे असते. स्टेशनरीचं दुकान आहे माझं. दुकानाची वही दिवाळीच्या पाडव्याला पुजतो, गावाची चैत्रातल्या पाडव्याला वाचतो. हे चौथं वर्ष.

पहिली नोंद झाडांची होती. मागच्या पावसाळ्यात आम्ही स्मशानभूमीच्या रस्त्याला आणि शाळेच्या मागे मिळून ३०० झाडं लावली. वड, पिंपळ, करंज, कडुलिंब. त्या दिवशी गर्दी होती, फोटो निघाले, भाषणं झाली. फाल्गुनात आम्ही तिघं वही घेऊन एकेका खड्ड्यापाशी गेलो आणि जिवंत झाडं मोजली. १२७ भरली. काही शेळ्यांनी खाल्ली, काही उन्हाने गेली. शाळेच्या मागची एक अख्खी रांग पाइपलाइनच्या खोदाईत गेली, कोणी सांगायलाही आलं नाही. मी तो आकडा वाचला तेव्हा सगळे गप्प झाले. मग बचत गटातल्या एक मावशी उठून म्हणाल्या, "लावायला सगळं गाव होतं. मार्चात कॅन घेऊन जाणाऱ्या आम्ही दोघीच होतो."

मला हे वाक्य फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं. लावलेली झाडं सगळीकडे मोजतात. बॅनरवर तोच आकडा असतो. जगलेली झाडं मोजायची तर मार्चच्या उन्हात चालावं लागतं. कालच ठरलं की यंदा फक्त १०० झाडं लावायची, प्रत्येक झाड दोन घरांच्या नावावर लिहायचं, आणि बुंध्याशी मडकं पुरून त्यात पाणी भरायचं, म्हणजे ते मुळाशी झिरपत राहतं. काहींना वाटतं आकडा कमी झाला, लोक काय म्हणतील. मला तरी तसं अजिबात वाटत नाही.

दुसरी नोंद बारवेची, आणि ती वाचताना माझाच आवाज बदलला. चार वर्षांपूर्वी या बारवेत उतरायची सोय नव्हती. वरच्या पायऱ्यांवर बाभळी उगवलेल्या, खाली निर्माल्य, फुटक्या तसबिरी, बाटल्या, कपडे आणि त्याखाली कितीतरी वर्षांचा गाळ. दर रविवारी सकाळी सात ते नऊ. खाली दोघं फावडं मारणार, मग पायरीगणिक एक माणूस, आणि हातोहात घमेलं वर. ओला गाळ इतका जड असतो की अर्ध्या घमेल्याला खांदा भरून येतो. पहिलं वर्ष नुसता कचरा काढण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी एका सकाळी दगडाच्या फटीतून काळपट पाणी बोटभर धारेने यायला लागलं. खाली उभ्या असलेल्या पोराने ओरडून सांगितलं, "झरा फुटला!" तो झरा आटला नव्हता, गाळाने बुजला होता. आता दर पाडव्याला पाण्याच्या रेषेवर गेरूने खूण करतो आणि शेजारी साल लिहितो. भिंतीवर चार खुणा झाल्यात. कालची खूण मागच्या वर्षीपेक्षा दोन पायऱ्या खाली आली. तीही तशीच लिहिली. पाऊस कमी होता, पण तेवढंच कारण नाही. आजूबाजूला किती बोअर झाले ते सगळ्यांना माहीत आहे.

आता जे मनात आहे ते लिहितो. आमचं गाव ग्रामपंचायत होतं तेव्हा ग्रामसभा होती. कायद्याने वर्षातून किमान चार. त्याआधी महिलांची वेगळी सभा. मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे जमले की गणपूर्ती झाली. कोणीही शेतकरी उठून विचारू शकायचा, की अमक्या रस्त्याचे पैसे कुठे गेले. भांडणं व्हायची, आरडाओरडा व्हायचा, तरी उत्तर द्यावं लागायचं. २०१४ नंतर राज्यातल्या कितीतरी तालुक्यांच्या गावांना नगरपंचायत मिळाली, तशी आम्हालाही. फटाके वाजवले आम्ही. निधी वाढला, रस्त्यांवर दिवे आले, घंटागाडी आली, हे खरंच चांगलं झालं आणि मी ते मानतो. पण ग्रामसभा गेली, आणि ती गेल्याचं फटाक्यांच्या आवाजात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. आता १७ नगरसेवक सभेत बसतात, ठराव होतात, आपण दुसऱ्या दिवशी पेपरात वाचतो. प्रभागातल्या मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद शहरांच्या कायद्यातही आहे. आमच्या प्रभागात आजवर एकदाही भरलेली मला आठवत नाही.

पाण्याच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार गावाचं नाव घेतलं की लोक म्हणतात, तिथे पोपटराव पवारांसारखे सरपंच होते. होते, १९८९ पासून गाव उभं करण्यात त्यांचा वाटा मोठाच आहे. पण त्या गावाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, हे गावासमोर मांडायचं आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही. हे दरवर्षी चालतं. श्रमदानाच्या चरांचंही तसंच आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या त्या ४५ दिवसांत आसपासच्या गावांनी डोंगर खोदून काढले, मीही एका गावात चार दिवस टिकाव मारला. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर एका पातळीत खोदलेले लांब खड्डे, दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरत जातात. ज्या गावाने दर उन्हाळ्यात ते पुन्हा उपसले त्याच्या विहिरींना पाणी आहे. बाकीच्यांकडे फोटो आहेत.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण यावरून आमच्यात वाद झाला होता. गटार उपसणं हे आमच्या श्रमदानाचं काम नाही. त्यासाठी आपण घरपट्टी भरतो, त्यासाठी कामगार आहेत आणि त्यांना वेळेवर पगार आणि हातमोजे मिळायला हवेत. आम्ही फुकट राबून ती जबाबदारी कोणाच्या डोक्यावरून उतरवायची नाही. बारव, झाडं, वाचनालयाची पुस्तकं लावणं, ओला-सुका कचरा घरातच वेगळा करणं, हे आपलं. आणि छताचं पाणी. हजार चौरस फुटांच्या छतावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर जवळपास ३७ हजार लिटर पाणी होतं. उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो, आणि तीन टँकरहून जास्त पाणी पन्हाळीतून रस्त्यावर सोडून देतो. गेल्या वर्षी ११ घरांनी छताचं पाणी शोषखड्ड्यात घेतलं. माझं घर त्यात बाराव्या नंबरला आहे, म्हणजे अजून झालेलं नाही. तेही काल सगळ्यांसमोर वाचलं. पावसाच्या आत करणार.

काल शेवटी एक अर्ज लिहिला. प्रत्येक प्रभागात क्षेत्रसभा घ्या, वर्षाचा जमाखर्च आणि झालेली-राहिलेली कामं लोकांसमोर वाचा, एवढंच त्यात आहे. ६३ सह्या झाल्यात. अर्ज पुढच्या सोमवारपर्यंत माझ्या दुकानात ठेवलाय, येता-जाता वाचून सही करा. पटलं नाही तर का पटलं नाही तेही सांगा.

आणि बारवेच्या ईशान्य कोपऱ्यात अजून कमरेएवढा गाळ आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता. फावडी आहेत, घमेली कमी पडतात.