नोकरीवर वैतागलात? मग युनियनच्या वाटेला जाऊच नका

परवा मागणीपत्रावरची मीटिंग होती. नोटीस आठवडाभर बोर्डावर, ग्रुपवर आठवण, वर प्रत्येकाला जाऊन सांगून झालं. आली किती टाळकी? पुढची रांगही भरली नाही. आणि मी घरी पोचायच्या आत ग्रुपवर मेसेज, "ही युनियन नक्की करते तरी काय?" विचारणारे साहेब म्हणजे कॅन्टीनमध्ये मॅनेजमेंटला सगळ्यात मोठ्या आवाजात शिव्या घालणारे. तेव्हा अशा मंडळींसाठी थोडं मार्गदर्शन.

सर्वात आधी, भरपूर वैतागा. रोज. वैतागलं की लढा दिल्यासारखं वाटतं आणि सही कुठेच करावी लागत नाही.

वर्गणी अजिबात भरू नका. करार झाला की वाढ तुम्हालाही मिळणारच आहे, मग खिशात हात कशाला? कॅनडात आयव्हन रँड नावाचे एक न्यायाधीश होते, त्यांनी १९४६ मध्ये फोर्डच्या विंडसरमधल्या संपानंतर निवाडा दिला की सभासद व्हायची सक्ती नाही, पण कराराचा फायदा सगळे घेतात तर वर्गणी सगळ्यांच्याच पगारातून कापा. असली माणसं आपल्या वाट्याला आली नाहीत, नशीब समजा.

मेमो हातात पडेपर्यंत सरचिटणीसाचा नंबर सेव्ह करू नका.

आणि हो, जो काम मनापासून करतो त्याला लगेच 'मॅनेजमेंटचा माणूस' म्हणा. हे फार महत्त्वाचं. कारण मीटिंगला येतात ते नेमके हेच लोक. मशीनचं गार्ड तुटलंय म्हणून सुपरवायझरशी भांडणारा तो, ओव्हरटाइमचे तास वहीत लिहून ठेवणारी ती, नव्या पोराला काम शिकवताना हक्कही शिकवणारे ते सीनियर. यांना कामाची चाड आहे म्हणून कामाची दुर्दशा बघवत नाही, म्हणून ते उभे राहतात. अमेरिकेतल्या कामगारांच्या १९७० च्या दशकातल्या पाहण्यांत एक गंमत दिसली होती, युनियनमधले लोक नोकरीबद्दल नाराजी जास्त सांगायचे पण नोकरी सोडून जायचे कमी. अहो साधं आहे, ज्याला इथेच राहायचंय तो बोलतो, ज्याचं मन केव्हाच निघून गेलंय तो फक्त पगाराच्या तारखेला हजर असतो. आणि नुसती नाराजी असून भागत नाही, चार जण एकत्र आलो तर काहीतरी हलेल एवढा विश्वास लागतो, आणि तुम्ही तर "काही होणार नाही रे" हे वाक्य पोरांना पहिल्याच दिवशी शिकवता! म्हणजे स्वतः बसायचं ते बसायचं, वर उठणाऱ्याचा शर्ट धरायचा, आणि तो पडला की म्हणायचं, बघ, सांगितलं नव्हतं?

निवडणुकीला उभे राहू नका. निवडून आलेल्यांना चोर म्हणा.

बास, आता खरंच पुरे झालं. संघटना करायचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८७ नंबरच्या करारात १९४८ सालीच लिहिलाय, पण तुमच्या बदली खुर्चीत येऊन बसायची सोय त्यात कोणी केलेली नाही. तुम्हाला नेते नालायक वाटतात ना? असतील, काही आहेतच. नोकरीचाही वीट आलाय? येणारच, मलाही येतो. पण मग मीटिंगला येऊन तोंडावर बोला, हिशोब मागा, कार्यकारिणी बदला. वाटाघाटीला बसल्यावर समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "तुमच्या मागे माणसं किती?" आणि आम्हाला तिथे खोटं बोलावं लागतं, तुमच्यामुळे. मागणीपत्रावर अजून निम्म्या सह्या बाकी आहेत. ग्रुपवर अंगठा टाकलेला सही म्हणून चालत नाही, पेन घेऊन या.