एका बेदाण्याची वसुली

रविवारी सकाळी साडेसात वाजता, गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये, मी सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो आणि माझ्या तळहातावर एक बेदाणा होता. एकच.

"हा पदार्थ तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बघताय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मी आजूबाजूला पाहिलं. अठ्ठावीस जण होतो आणि झाडून सगळे नाशिकचे. नाशिककराला बेदाणा पहिल्यांदा बघायला सांगणं म्हणजे देवगडच्या माणसाला हापूसची ओळख करून देण्यासारखं आहे. पण कुणी काही बोललं नाही. फी सगळ्यांनीच भरली होती.

माझी फी लेकीने पुण्याहून भरली. निमित्त झालं बीपीचं. डॉक्टरांनी यंत्राकडे बघत "दीडशे, पंच्याण्णव" असं म्हटलं आणि विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, पतसंस्थेत. "कुठल्या विभागात?" वसुली. त्यावर त्यांनी गोळी लिहून दिली आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. सव्वीस वर्षं मी लोकांना टेन्शन देऊनच पगार घेतोय, घ्यायचं नाही तर ते ठेवायचं कुठे? पण हिने रात्रीच फोनवर सगळं सांगून टाकलं आणि सकाळी लेकीचा मेसेज हजर : "बाबा, सजग जीवनशैलीचा कोर्स. आठ रविवार. ६,५०० रुपये भरलेत. नॉन-रिफंडेबल."

शेवटचा शब्द वाचला आणि मी चपला शोधायला लागलो.

तर बेदाणा. हा प्रयोग अमेरिकेतला आहे. जॉन कबात-झिन नावाच्या गृहस्थांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणावर उतारा म्हणून एक अभ्यासक्रम सुरू केला, त्यात हा बेदाणा असतो. आधी बघायचा. मग बोटांत फिरवायचा, कानाशी न्यायचा, हुंगायचा, जिभेवर ठेवायचा आणि सगळ्यात शेवटी चावायचा. मन दुसरीकडे गेलं तर रागवायचं नाही, हलकेच परत आणायचं.

मी बघायला लागलो. पिवळसर हिरवा, अंगावर बारीक सुरकुत्या, एका टोकाला देठ तुटल्याची टिंबाएवढी खूण. उजेडात धरला तर मधोमध मधाच्या रंगाचा. छान होता हो. मी त्या देठाच्या खुणेकडे बघत राहिलो आणि तिथूनच घात झाला.

देठ म्हटल्यावर घड आठवला, घड म्हटल्यावर निफाडचा धाकटा मेहुणा. ऑक्टोबरात त्याची गोडीछाटणी होते. मग फुटी निघतात, फुलोरा येतो, नेमकं तेव्हा ढगाळतं आणि डावणी नावाचा रोग येतो. रात्री अकराला ट्रॅक्टर काढून फवारणी. मग जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्यात एकेक घड बुडवायचा. थंडीत बागेत शेकोट्या पेटवायच्या. एवढं करून मण्यात पाणी उतरलं, गोडी भरायला लागली, की एका रात्री अवकाळी येतो आणि मणी तडकतात. तडकलेला माल व्यापारी दोन बोटांनी उचलतो, बघतो आणि काही न बोलता खाली ठेवतो. ते काही न बोलणं मी एकदा समोर उभं राहून पाहिलंय. मग उरलासुरला माल बेदाण्याला. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचा, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचा, वाळेपर्यंत आभाळाकडे बघायचं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. औषधांचा खर्च, मजुरी, शेडचं भाडं, आणि आमच्याच संस्थेचं कर्ज, ज्याला जामीन कोण, तर मी...

"आता मन हलकेच परत आणा," मॅडम म्हणाल्या.

मन मार्चअखेरपर्यंत पोचलं होतं. ते हलकेच कसलं येतंय!

शेवटी एकेकाला अनुभव विचारला. एका बाईंना बेदाण्यात सूर्य दिसला. एका निवृत्त इंजिनिअरांना आईचा हात दिसला, त्यांचे डोळेही भरून आले. माझी पाळी आल्यावर मी खरं ते सांगितलं, "मला थकबाकी दिसली."

मॅडम हसल्या नाहीत. "छान. ती फक्त पाहा, तिच्यामागे जाऊ नका." थकबाकी दिसावी आणि तिच्यामागे जाऊ नये! हे वाक्य आमच्या मॅनेजरांसमोर बोललो असतो तर त्याच दिवशी घरी बसलो असतो.

घरचा अभ्यास असायचा. एक : सिग्नलला थांबलं की हॉर्न न वाजवता श्वासावर लक्ष द्यायचं. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी द्वारका चौक पाहिलेला नाही. मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड जिथे एकमेकांच्या उरावर बसतात, तिथे संध्याकाळी साडेसहाला मी स्कूटरवर डोळे अर्धे मिटून श्वास आत घेतला. पुढे कांद्याचा ट्रक होता. पहिल्या श्वासाला डिझेल, दुसऱ्याला डिझेल आणि सडका कांदा. तिसरा घेतच होतो तेवढ्यात मागून रिक्षावाला ओरडला, "काका, झोपले का?" मी सजगपणे मागे वळून त्याला जे बोललो ते कृतज्ञतेच्या वहीत लिहिलेलं नाही.

ती वही हा अभ्यास क्रमांक दोन. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. मला कोऱ्या पानावर काही सुचत नाही, म्हणून मधोमध रेघ मारून घेतली. जमा : नळाला पाणी आलं. नावे : गढूळ आलं. जमा : हिने स्वतःहून चहा केला. नावे : साखर नाही, बीपी. (बीपीला मीठ वर्ज्य असतं, साखर नव्हे, हे मी सांगून पाहिलं.) आठवड्याअखेर बाकी काढली तर मी सात नोंदींनी तोट्यात होतो.

तिसरा अभ्यास जेवणाचा. एक घास बत्तीस वेळा चावायचा. घरी जमत होतं, कारण घरी मुगाची खिचडी होती. पण मध्येच मिसळ आली. नाशिकचा माणूस रविवारी सकाळी मिसळ खात नसेल तर त्याच्या घरी सुतक असतं किंवा तो कोर्सला जातो. मी कोर्स सुटल्यावर गेलो. हॉटेलात ही गर्दी. प्रत्येक टेबलाच्या मागे पुढचं कुटुंब उभं, तुमच्या प्लेटकडे बघत. मिसळ आली, वर लाल रश्शाचा तवंग, कांदा, लिंबू, बाजूला पापड. मी पहिला घास घेतला आणि मोजायला लागलो. बाराव्याला तिखट कानापर्यंत गेलं. अठराव्याला डोळ्यांतून पाणी. विसाव्याला मागची आजी आपल्या नातवाला म्हणाली, "थांब रे बाळा, आजोबांना दात नाहीत." चौपन्नाव्या वर्षी आजोबा! पुढची अख्खी मिसळ मी सहा मिनिटांत संपवली, ज्यादा रश्शासकट, आणि खरं सांगतो, त्या दिवशी पूर्णपणे वर्तमानात होतो.

पण वसुलीचा माणूस पैसे बुडू देत नाही. हे प्रकरण मुळात कुठून आलं ते शोधायला मी सार्वजनिक वाचनालय गाठलं, आणि मला धक्काच बसला. ज्याच्यासाठी मी साडेसहा हजार घालवले, तेच आमच्या जिल्ह्यात, इगतपुरीला, विपश्यना या नावाने १९७६ पासून फुकट आहे. दहा दिवस, पहाटे चारला घंटा, फोन नाही, बोलणं नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत. आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर चालतं. ते सुरू करणारे सत्यनारायण गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी, अर्धशिशीने हैराण होऊन या वाटेला लागलेले. आणि त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन कोण असावेत? १९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल! ते आपल्या कचेरीतल्या कारकुनांनाही ध्यान शिकवायचे. मी पुस्तकावरून मान वर केली. म्हणजे हा आमच्याच खात्यातला विषय निघाला की.

घरी येऊन म्हटलं, "दहा दिवस इगतपुरीला जाऊ का? अजिबात बोलायचं नसतं."

ही म्हणाली, "तुम्ही गप्प? मग मीही येते. बघायला."

मार्चअखेर होती, रजा मिळणारच नव्हती. तेव्हा जवळचं म्हणून पुढच्या सुट्टीला एकटाच पांडवलेण्यांवर गेलो. खिशात मॅडमनी अभ्यासाला दिलेले सात बेदाणे. चढताना धाप लागली, ती श्वासावर लक्ष म्हणून खपवली. दहाव्या लेण्याच्या ओसरीत, खांबाला टेकून बसलो. दगड गार. समोर दूरवर हायवे, त्याचा आवाज वरपर्यंत येतच होता. डोळे मिटणार तेवढ्यात वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची आठवण झाली. या भिंतीवरच्या ब्राह्मी लेखाचं भाषांतर त्यात होतं. म्हटलं, एकदा वाचावं आणि मग ध्यान.

नहपान क्षत्रपाचा, म्हणजे तेव्हाच्या इथल्या राजाचा, जावई उषवदात. त्याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी हे लेणं भिक्खूंना दिलं आणि सोबत ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. पण हातात नाही दिले. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेव म्हणून ठेवले. गोवर्धन म्हणजे आपलंच, गंगापूर रोडने पुढे गेलं की लागतं ते. एका श्रेणीकडे २,०००, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १,०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधीच परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्खूंना पहिल्या ठेवीच्या व्याजातून चिवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, वर्षाला प्रत्येकी बारा.

माझा हात आपोआप पेनाकडे गेला. कृतज्ञतेच्या वहीचं मागचं पान उघडलं. दोन हजारांवर महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. भिक्खू वीस, प्रत्येकी बारा. दोनशे चाळीस.

जुळलं! एक कवडी इकडे नाही, एक तिकडे नाही. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब दगडात कोरलाय आणि आजही जुळतोय, आणि आमच्याकडे गेल्या शुक्रवारचं कॅशबुक जुळत नाही. मी परत केलं. परत जुळलं. मग दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे नव्वद काढले. मग भिंतीवरची अक्षरं पुस्तकातल्या ओळींशी लावून बघायला लागलो, कुठे 'सहस्र' सापडतंय का. शेजारी एक जोडपं सेल्फी काढून गेलं, दुसरं आलं, शाळेची पोरं येऊन आरडाओरडा करून गेली. फोन वाजला तेव्हा ही विचारत होती, "अहो, जेवायचं काय? दोन वाजले."

खिशात हात घातला. सातही बेदाणे संपले होते. कधी खाल्ले, कसे लागले, विचाराल तर शपथेवर सांगता येणार नाही.

आठवा रविवार झाल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पट्टा दंडाला गुंडाळला, फुग्यासारखा फुगवला. "काय, ध्यान लागतंय का?"

"लागतंय," मी म्हणालो. "फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एक श्रेणी बारा टक्के देत असताना त्याने हजार रुपये नऊ टक्क्यांनी दुसरीकडे का ठेवले असतील?"

डॉक्टरांना सगळं सांगावं लागलं, विणकरांपासून चिवरापर्यंत. ते ऐकता ऐकता स्टुलावर बसले. यंत्रावरचे आकडे आले आणि विझलेही, दोघांनीही पाहिले नाहीत. मग त्यांनी उठून दार लोटलं, बाहेरच्या रांगेला "एक मिनिट" म्हणाले आणि खुर्ची माझ्या जवळ ओढून आवाज खाली आणला.

"माझे पण थोडे एका ठिकाणी आहेत. बाराने. तुमच्या अनुभवाने काय वाटतं हो... नऊवाल्याकडे हलवावेत?"

पट्टा माझ्या दंडाला तसाच होता.