तिकीट हरवले शेतात

मुंबईच्या लोकल रेल्वेवर, कर्जतजवळच्या पळसदरीच्या पुढे खोपोलीपर्यंतच्या एकेरी मार्गावर केळवली, डोलवली आणि लौजी असे तीन छोटे थांबे आहेत. त्यांपैकी एका थांब्यावर माझी फजिती झाली. कोणत्या, ते सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा उतरायचे आहे.

समोरासमोरच्या गाड्यांचे क्रॉसिंग, म्हणजे एकीने थांबून दुसरीला वाट देणे, होत नसल्यामुळे तिथे स्टेशन मास्तर लागत नाही. त्या सकाळी तिकिटाच्या खिडकीलाही कुलूप होते. गजांमध्ये कोळ्याने जाळे विणले होते आणि दोघांपैकी धंदा फक्त त्याचाच चालू होता. फलाटावर शेवळांच्या रानभाजीची पाटी घेऊन बसलेल्या आजींनी सल्ला दिला, "मोबाइलवर काढा की."

मोबाइलवरचे तिकीट मात्र रुळांजवळ उभे राहून निघत नाही. तिकीट तपासनीस दिसल्यावर तिकीट काढणाऱ्या लबाडांसाठी ही अट आहे. मी फलाट उतरलो, बांधावरून शेतात शिरलो आणि पावलागणिक बटण दाबत राहिलो. अखेर चिखलात घोटाभर बुडाल्यावर तिकीट निघाले आणि त्याच क्षणी गाडीचा भोंगा वाजला. माझ्या डोळ्यांदेखत आजी पाटीसकट गाडीत चढल्या. त्यांच्याकडे पास होता.

पुढची गाडी दीड तासाने असल्यामुळे इतिहास आठवायला भरपूर सवड मिळाली. 1856 मध्ये मुंबईहून रेल्वे खोपोलीपर्यंत आली, तेव्हा आजचा हा पोरका फाटा म्हणजेच पुण्याच्या दिशेचा मुख्य लोहमार्ग होता. 1858 मध्ये खंडाळा–पुणे गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट चढणारे रूळ 1863 मध्ये तयार झाले. तोवर प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी पकडत. घाटाची वाट पळसदरीहून वळली आणि खोपोलीच्या वाट्याला शेवटचे स्टेशन होणे आले. इतिहासात मला एरवी फारसा रस नाही, परंतु पायांतला चिखल वाळत असताना पालखीचा उल्लेख जिव्हारी लागतो. त्या काळच्या प्रवाशाला घाट चढवायला भोई होते. मला मात्र दहा रुपयांच्या आसपासचे तिकीट द्यायलाही कोणी नव्हते.

तेवढ्यात मोबाइलवरच्या तिकिटाखालची बारीक अक्षरे दिसली: तिकीट काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू केला पाहिजे. गाडीला अजून पाऊण तास होता आणि तिकिटाचे आयुष्य तेवढे उरले नव्हते. गाडी यायला वीस मिनिटे राहिली तेव्हा मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पुन्हा त्याच बांधावरून, त्याच चिखलात उतरलो. मघापासून माझ्या येरझाऱ्या पाहणाऱ्या शेतकऱ्याने हातातले फावडे खाली ठेवले आणि काळजीने विचारले,

"काय हरवलंय का, साहेब?"

"तिकीट," मी म्हणालो. तोही बिचारा माझ्याबरोबर चिखलात शोधू लागला.