मुली हलत नाहीत म्हणे

काल कट्ट्यावर हा विषय निघायचं काही कारण नव्हतं, पण वॉच्याने दुपारीच ग्रुपवर कोण किती हलतं याचा डब्ल्यूएचओचा 2024 चा तक्ता टाकला आणि खाली लिहिलं, "मुलींनो, उठा जरा." मग काय, संध्याकाळची सोय झाली. (वॉच्या कोण ते नव्यांसाठी: मनगटावर घड्याळ, तोंडात हार्ट रेट, दोन्हीच्या मध्ये फारसं काही नाही.)

वॉच्या आल्या आल्या सुरू. "जगात 34 टक्के बायका पुरेशा हलत नाहीत, पुरुष 29! डेटा आहे भावा, डेटा."

चिमणी लायब्ररीतून येत होती, बॅगही खाली ठेवली नव्हती तिने. "म्हणजे तुमच्यातले 29 टक्के पण लोळतायत. फरक पाचाचा आणि भाषण शंभराचं?"

ठोंब्या खदखदून हसला. त्याला ते 29 टक्के म्हणजे आपणच हे माहीत असतं, त्यामुळे तो अशा वेळी फार मोकळेपणाने हसतो.

मास्तरांनी घसा साफ केला. मास्तर आमच्यापेक्षा वयाने मोठे, कॉलेजात शिकवतात, त्यांना आकडा अर्धवट राहिलेला चालत नाही. म्हणाले हे झाले 18 च्या पुढच्या सगळ्यांचे, त्यात कॉलेजच्या मुली वेगळ्या कळणार नाहीत, पण 11 ते 17 वयाचे बघ, 2016 चे, 85 टक्के मुली कमी पडतात आणि 78 टक्के मुलगे.

"बघा, म्हणजे आमच्या आळसाचा प्रश्नच नाही," चिमणी म्हणाली, "युनिव्हर्सिटीत पाय ठेवायच्या आधीच सवय मोडलेली असते. शाळेत पीटीच्या तासाला मुलींना सावलीत बसवून ठेवलं, आता विचारताय उठत का नाही."

वॉच्या म्हणाला सगळं इच्छाशक्तीवर असतं. हे तो कशावरही म्हणतो, मागे वायफाय गेलं तेव्हाही म्हणाला होता.

यावर चिमणी जे बोलली ते जमेल तसं जसंच्या तसं लिहितोय: "संध्याकाळी ग्राउंडवर ये एकदा आमच्याबरोबर. मधलं सगळं तुमचं, आम्हाला कडेची पट्टी, ती पण बॉल येत नाही तोवर. हॉस्टेलपासून ग्राउंडपर्यंत उकडत असलं तरी टी-शर्टवर हूडी, तिथे पोचलं की काढून कमरेला बांधायची, पळताना एका कानातला इअरफोन काढून ठेवायचा कारण मागून कोण येतंय ते ऐकू यायला हवं, आणि पायऱ्यांवर कोण बसलंय ते बघून ठरवायचं की आज पूर्ण राउंड मारायचा की अर्ध्यातनं वळायचं. परत हॉस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत पोचायचं. याच्या कॅलरी धरतं का रे तुझं घड्याळ?"

वॉच्या गप्प. फार वेळ नाही, पण होता.

मग म्हणाला, "जिमला या मग, मी शिकवतो की."

"न विचारता शिकवणारे तिथे आधीच भरपूर आहेत. डंबेल उचलायच्या आत कोणीतरी कोपर धरायला येतो."

ठोंब्याने इथे उगाच तोंड घातलं की वजनं उचलली की मुली पैलवान दिसतात. मास्तरच भडकले. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, पुरुषांच्या मानाने इतकं कमी असतं की तसं शरीर अपघाताने होत नाही म्हणाले, आणि उलट हाडं कमवायचं वय हेच, विशी-पंचविशीनंतर हाडांत फारशी भर पडत नाही, पुढे आहे तेच पुरवायचं. वर ऑलिंपिक पण सांगितलं: 1928 ला बायकांची 800 मीटर झाली, धावून काहीजणी दमलेल्या दिसल्या म्हणून काढून टाकली, ती परत आली थेट 1960 ला.

"दमल्या म्हणून?" ठोंब्या म्हणाला, "मग मला तर जिना चढायलाच बंदी हवी."

पण मला काल सगळ्यात पटलं ते मूडचं बोलणं. चिमणी म्हणाली परीक्षेच्या दिवसांत चालून आलं की झोप लागते, डोकं जागेवर येतं, ते कोणी सांगत नाही, सांगतात काय तर बारीक हो. एकदा आरशासाठी व्यायाम सुरू केला की आरसा रोज नापास करतो, मग दोन आठवड्यात बंद. तिच्या रूममेटचं तेच झालं, वर जेवण तोडलं, पाळी थांबली, आणि सगळे तिला "काय फिट झालीस" म्हणत होते.

मास्तर म्हणाले 2022 ला बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल असणाऱ्यांत डिप्रेशनचा धोका 25 टक्के कमी आणि त्याच्या निम्म्यावर असणाऱ्यांतही 18 टक्के कमी. अर्थात उदास माणूस मुळात कमी हलतो, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देऊ नका, ही शेपटी त्यांनी लावलीच.

"म्हणजे पहिल्या निम्म्यातच बराचसा माल," चिमणी म्हणाली. "आणि हालचाल सलग दहा मिनिटं तरी पाहिजे ही डब्ल्यूएचओची अट पण 2020 ला गेली ना? मग लेक्चर ते लॅब तरातरा चालले ते पण धरा."

"पण दहा हजार पावलं..." वॉच्या.

"ते 1965 चं जपानी पेडोमीटर विकायचं नाव होतं रे," मास्तर. "मानपो-केई. दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. आकडा जाहिरातीतून आलाय, प्रयोगशाळेतून नाही."

वॉच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. सावरत म्हणाला तरी आज माझी आठ हजार झालीत. आता हा माणूस आल्यापासून कट्ट्यावर बसून हातवारे करतोय हे सगळ्यांनी बघितलेलं. चिमणीने त्याला हात मांडीवर ठेवून बोलायला लावलं तर त्याला बोलताच येईना.

शेवटी ठरलं काय, तर शनिवारी बॅडमिंटन, कोर्ट मुलींच्या नावावर बुक करायचं, मुलगे बोलावले तर येतील. ठरेपर्यंत ठीक होतं, तेवढ्यात चिमणीला आठवलं तिची रॅकेट गेल्या वर्षीपासून ठोंब्याकडे आहे.

"आहे ना, रोज वापरतो."

"तू? बॅडमिंटन?"

"पंख्याचं बटण लांब आहे गं, पलंगावरून हात पोचत नाही."

पुढचं लिहिण्यात अर्थ नाही, मास्तरसुद्धा पोट धरून बसले होते.