राज्यसभा बंद करा म्हणणाऱ्या मेसेजमध्ये काय चुकलंय

राज्यसभेच्या जागा रिकाम्या व्हायची वेळ आली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं : तिथले खासदार नेमलेले असतात, बहुतेक जण निवडणुकीत पडलेले असतात, या सभागृहाला अधिकार काहीच नाहीत, आणि आंध्र प्रदेशने 1985 मध्ये वरचं सभागृह रद्द केलं तसं दिल्लीतलंही साध्या बहुमताने रद्द करता येईल.

नेमलेले? 245 जागांपैकी फक्त 12. साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा या क्षेत्रांतून राष्ट्रपती ते नेमतात. लता मंगेशकर आणि सचिन तेंडुलकर असेच गेले होते. उरलेले 233 निवडून येतात. मतदार असतात विधानसभेचे निवडून आलेले आमदार. विधान परिषदेच्या आमदारांना इथे मत नाही, हे राजकारणात मुरलेल्यांनाही कधी कधी ठाऊक नसतं.

आणि ही निवडणूक किती खरी असते ते जून 2022 मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. जागा 6, उमेदवार 7, वैध मतं 284. आमदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतात, आणि निवडून यायला जेवढी मतं लागतात तो कोटा. तो काढायची रीत अशी : एकूण मतांना जागांपेक्षा एकाने जास्त संख्येने, म्हणजे इथे 7 ने, भागायचं. प्रत्येक मताचं मूल्य 100 धरतात, त्यामुळे अपूर्णांकाचाही हिशेब लागतो. कोटा आला जेमतेम 41 मतांचा. सहाव्या जागेच्या चुरशीत शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची 33 मतं होती, भाजपचे धनंजय महाडिक यांना 27. तरी निवडून आले महाडिक. कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी 48 मतं पडली होती. दोघांची कोट्यावरची मतं मिळून साधारण पंधरा होतात, आणि ती दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. ज्याने कागदावर पसंतिक्रम नीट मांडला त्याची सरशी झाली. घोडेबाजाराचे आरोप या निवडणुकांत नेहमीच होतात. म्हणून तर 2003 पासून पक्षाच्या आमदाराला मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते.

‘पडलेल्यांची सोय’ या दाव्यात मात्र तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. अरुण जेटली 2014 मध्ये अमृतसरला हरले आणि तरी अर्थमंत्री झाले, राज्यसभेच्या बळावर. मनमोहन सिंग 1999 मध्ये दक्षिण दिल्लीत हरले होते. पुढे दहा वर्षं पंतप्रधान होते, तेव्हा ते आसाममधून राज्यसभेवर होते. पण उमेदवार ठरवतो पक्ष. उमेदवार त्याच राज्याचा रहिवासी असावा ही अट 2003 मध्ये संसदेनेच काढली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. रागावायचं तर इथे रागावावं.

अधिकार नाहीत, हे तर इतिहासाकडे पाठ फिरवल्याशिवाय म्हणताच येत नाही. 1970 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली आणि राज्यसभेत दोन तृतीयांशाला एका मताहूनही कमी फरकाने पडली. 1989 मध्ये पंचायत राज आणि नगरपालिकांच्या घटनादुरुस्त्या इथेच अडल्या. तीन वर्षांनी त्या नव्या रूपात 73वी आणि 74वी म्हणून मंजूर झाल्या. साध्या विधेयकावर दोन सभागृहांत एकमत झालं नाही तर संयुक्त बैठक बोलावता येते (आजवर तीनदाच झाली : 1961, 1978, 2002), पण घटनादुरुस्तीला ती वाट नाही. राज्यसूचीतल्या, म्हणजे एरवी राज्यांच्या अखत्यारीतल्या, विषयावर संसदेने कायदा करावा असं दोन तृतीयांश बहुमताने ठरवण्याचा अधिकारही फक्त राज्यसभेचा. शिवाय ती कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

खरी कमजोरी पैशाच्या बाबतीत आहे. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाबद्दलचं विधेयक, राज्यसभा जास्तीत जास्त 14 दिवस ठेवू शकते, आणि तिच्या सूचना मानणं लोकसभेवर बंधनकारक नाही. एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही ते लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. 2016 मध्ये आधार विधेयक याच वाटेने गेलं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते ग्राह्य धरलं, न्या. चंद्रचूड यांनी मात्र भिन्नमत नोंदवलं. मेसेज लिहिणाऱ्याला या मुद्द्यात रस दिसत नाही.

राहिला आंध्रचा दाखला. तिथे रद्द झाली ती विधान परिषद, आणि 2007 मध्ये ती परतही आली. परिषदेसाठी घटनेचं कलम 169 आहे : विधानसभेने ठराव करायचा, संसदेने साधा कायदा करायचा. राज्यसभेसाठी असं कलमच नाही. तिला हात लावायचा तर घटनादुरुस्ती हवी, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश बहुमत हवं आणि निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी. म्हणजे राज्यसभा मोडायची झाली तर आधी राज्यसभेनेच दोन तृतीयांशांनी ‘हो’ म्हणायला हवं, आणि मग तिचे मतदार असलेल्या आमदारांनीही.