ड्रायव्हरशेजारच्या सीटवरचा माणूस

यात्रांचा हंगाम आला की जुन्नरकडच्या आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, बैलगाडा शर्यत ही शेतकऱ्याची अस्मिता. दुसरा म्हणतो, मुक्या जनावराचे हाल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. निकाल लागला, पण वाक्यं तीच राहिली. माझं मत विचाराल तर शर्यती व्हाव्यात, अटी काटेकोर पाळून व्हाव्यात. पण मला खटकतं ते वेगळंच. या सगळ्या वादात बैलाची किंमत कळते, त्याचं खाणं कळतं, कोणत्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, किती सेकंदांत बारी मारली तेही कळतं. गाडा जुंपताना ज्याची बरगडी मोडली, गाडा ज्या सुताराने बनवला, बंदीच्या वर्षांत ज्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, त्यांची आयुष्यं कुठे वाचायला मिळतात?

हे मला इथे, इंडियानात राहून जास्त टोचतं, कारण इथल्या माणसांनी आपल्या धोकादायक खेळाचं कपाट भरून ठेवलंय. इंडियानापोलिसपासून तासाभरावरच्या कोलंबस गावात मी राहतो. मे महिन्यात इथे दुसरा विषय नसतो. इंडियानापोलिसचा अडीच मैलांचा अंडाकृती ट्रॅक, त्यावरची मोटारींची पाचशे मैलांची शर्यत, म्हणजे ‘इंडी ५००’, उघड्या चाकांच्या गाड्या. आणि वर्षभर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, चर्चच्या सेलमध्ये, ड्रायव्हरांची आणि मेकॅनिकांची चरित्रं. काही सुरेख, बरीचशी बेतास बात, काही अगदीच टाकाऊ. पण आहेत.

कोलंबस म्हटल्यावर पुणेकराला कमिन्स ही याच गावची इंजिनांची कंपनी आठवणारच. १९६२ पासून कोथरूडमध्ये किर्लोस्कर कमिन्स होती, कर्वेनगरचं मुलींचं कमिन्स कॉलेज १९९१ चं. आमच्यासारखी कित्येक मराठी घरं याच वाटेने या गावात पोचली. पण त्या नावामागचा क्लेसी कमिन्स हा मुळात गॅरेजमधला माणूस होता, हे पुण्यात मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. १९११ ची पहिली पाचशे मैलांची शर्यत रे हॅरून याने मार्मन गाडीतून जिंकली, त्या गाडीच्या पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागी, हा पोरगा कामाला होता. पुढे डिझेल इंजिन विकायचं तर लोकांना ते धावताना दाखवायला हवं, म्हणून १९३१ मध्ये त्याने डिझेल गाडीच शर्यतीत उतरवली. डेव्ह इव्हान्स याने ती पाचशे मैल एकदाही न थांबता चालवली आणि तेरावा आला. १९५२ मध्ये तर फ्रेड अगाबाशियन कमिन्सच्या डिझेल गाडीत सगळ्यात पुढच्या जागेवरून सुटला. टर्बोचार्जरने ट्रॅकवरचा कचरा ओढून घेतला, इंजिन गुदमरलं आणि गाडी एकाहत्तराव्या फेरीनंतर बाद झाली. क्लेसीने १९६७ मध्ये ‘माय डेज विथ द डिझेल’ हे आत्मचरित्र लिहिलं. कंपनीच्या कॉफीटेबल पुस्तकांपेक्षा ते मला कितीतरी जवळचं वाटतं. हाताला तेल लागलेल्या माणसाचं आहे.

मेकॅनिकचा मुद्दा मी उगाच ताणत नाही. हॅरून १९११ मध्ये एकटाच गाडीत बसला, तेव्हा बाकीच्यांनी आक्षेप घेतला होता. इतर ड्रायव्हरांच्या शेजारी मेकॅनिक बसायचा. मागून कोण येतंय हे सांगायचा, हाताने पंप मारून तेलाचा दाब राखायचा. हॅरूनने त्याऐवजी आरसा लावला. त्या पहिल्या शर्यतीत मेलेला माणूस ड्रायव्हर नव्हता. आर्थर ग्रायनरच्या गाडीतला मेकॅनिक सॅम डिक्सन होता. त्याआधी ऑगस्ट १९०९ मध्ये, ट्रॅक नवा असताना, मोटारींच्या पहिल्याच शर्यतींत पाच माणसं गेली. दोन प्रेक्षक, एक ड्रायव्हर, दोन मेकॅनिक. त्यानंतर खडी-डांबराच्या त्या रस्त्यावर बत्तीस लाख विटा बसवल्या. आज त्यातली एक गजभर पट्टी उरली आहे, जिंकलेला ड्रायव्हर गुडघे टेकून तिचं चुंबन घेतो. विटांची संख्या इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. विटा कुणामुळे आल्या ते विचारा, बहुतेक जण गप्प बसतात. म्हणजे विसरण्यात ही माणसं आपल्यापेक्षा फार वेगळी नाहीत. फरक इतकाच की शोधणाऱ्याला इथे शोधायला जागा आहे.

या कपाटातलं माझं सगळ्यात आवडतं पुस्तक क्लिंट ब्रॉनर या मेकॅनिकचं, जो स्काल्झो या लेखकाबरोबर लिहिलेलं, १९७५ चं. ब्रॉनर फीनिक्सचा. जिमी ब्रायन, ए. जे. फॉइट, एडी सॅक्स, मारिओ आंद्रेत्ती अशी सगळी मोठी माणसं त्याच्या हाताखालून गेली. हाताखालून असंच म्हणायला हवं, कारण गाडी ज्याची असते त्याच्या मर्जीवर ड्रायव्हर बसतो आणि गाडी उभी राहते मेकॅनिकच्या हातांवर. १९६१ मध्ये सॅक्स पुढे होता. तीन फेऱ्या उरल्या असताना मागच्या उजव्या टायरचा रबर झिजून आतला धागा दिसायला लागला. तो टायर बदलायला पिटमध्ये आला आणि फॉइट सुमारे आठ सेकंदांनी जिंकला. थांबायला हवं होतं का? साठ वर्षं हा वाद इथे चालू आहे, आणि तो घालणाऱ्या प्रत्येकाला टायर कसा झिजतो याची कल्पना असते. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, सॅक्स त्याच ट्रॅकवर जळून मेला हेही ठाऊक असतं.

१९६९ ची गोष्ट त्याहून सरस आहे. आंद्रेत्तीची नवी चारचाकी-ड्राइव्ह लोटस सरावात मागच्या चाकाचा हब तुटून भिंतीला धडकली. आंद्रेत्तीचा चेहरा भाजला. पुढच्या रांगेतल्या ड्रायव्हरांचा फोटो काढायच्या वेळी त्याचा जुळा भाऊ आल्डो उभा राहिला. ब्रॉनर आणि त्याचा साथीदार मेकॅनिक जिम मॅकगी यांनी बाजूला पडलेली जुनी ‘हॉक’ गाडी बाहेर काढली, आणि शर्यत तिनेच जिंकली. आंद्रेत्तीचा तिथला तो एकमेव विजय. लगेच पुढे मालक, ड्रायव्हर आणि मेकॅनिक यांच्यात फाटलं आणि ब्रॉनर बाजूला झाला. आपल्याकडे हीच कथा गौरवग्रंथात आली असती तर विजयानंतरच्या पानावर सत्काराचा फोटो असता. फाटाफूट गायब.

स्मोकी युनिक हा दुसरा. डेटोना बीचच्या गॅरेजवाला, इंडियानापोलिसलाही गाड्या आणायचा. १९६४ मध्ये त्याने ड्रायव्हरची जागा गाडीच्या बाजूला, स्कूटरच्या साइडकारसारखी बसवलेली गाडी आणली होती. ती पात्रता फेरीतच आपटली. त्याचं आत्मचरित्र २००१ मध्ये, तो गेला त्याच वर्षी, त्याच्याच घरच्या प्रकाशनाने काढलं. जाडजूड, बोलीभाषेत, शिव्यांसकट. कुणालाही सोडलेलं नाही, स्वतःलाही नाही. त्यातल्या किती गोष्टी खऱ्या, किती फुगवलेल्या यावर जाणकार भांडतात. भांडू देत. संपादकाने त्याची वाक्यं इस्त्री केली असती तर भांडायलाही काही उरलं नसतं.

आता मूळ मुद्दा. या खेळावर बंदी घाला ही मागणी इथेही जोरात होती. ३० मे १९५५ रोजी दोन वेळचा विजेता बिल व्हुकोविच आघाडीवर असताना मेला, पंधरवड्यात फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत ऐंशीहून जास्त लोक गेले. ओरेगनचे सिनेटर रिचर्ड न्यूबर्गर यांनी शर्यती बंद करा म्हटलं, आणि ज्या अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या मान्यतेने शर्यती चालायच्या तिने अंग काढून घेतलं. शर्यती थांबल्या नाहीत, नवी संस्था निघाली. १९६४ मध्ये सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड पेट्रोलच्या आगीत गेले. त्यानंतर पेट्रोल मागे पडलं, मिथेनॉल आलं. १९७३ मध्ये स्वीड सॅव्हेजच्या अपघाताकडे पिटमधून उलट्या दिशेने धावत सुटलेल्या अग्निशमन गाडीने अर्मांडो टेरान या बावीस वर्षांच्या पिट कामगाराला उडवलं. त्यात तो गेला. सॅव्हेजबद्दल पानंच्या पानं आहेत. टेरानबद्दल बहुतेक ठिकाणी एवढीच दोन वाक्यं.

१९६४ च्या त्या दुपारवर आर्ट गार्नर यांचं ‘ब्लॅक नून’ आलं ते २०१४ मध्ये, पन्नास वर्षांनी. बंदीवाल्यांना त्यात पुरेपूर दारूगोळा मिळतो. शर्यतवाल्यांनाही. पण पुस्तक संपल्यावर ‘अस्मिता’ किंवा ‘क्रौर्य’ असा एकच शब्द फेकून मोकळं होता येत नाही, कारण टाकीत किती पेट्रोल होतं, ते भरायचं कुणी ठरवलं, गाडी हाताळायला अवघड आहे हे आधी कुणाकुणाला माहीत होतं, हे सगळं समोर असतं. आपल्या भावकीच्या ग्रुपवर नेमकं हेच नसतं. न्यायालयात दोन्ही बाजूंनी कागदांचे ढीग लागले. त्यांत बैलाच्या नाडीच्या ठोक्यांची चर्चा आहे. ती हवीच. पण गाडामालक कर्ज कसं काढतो, बंदीच्या सात वर्षांत खोंड सांभाळायचे की विकायचे हे घरात कुणी ठरवलं, घाटात गर्दीत गाडा घुसून ज्याचा पाय गेला तो पुढच्या वर्षी पुन्हा यात्रेला का आला, हे कुणी लिहून ठेवलं आहे का?

इथलं सगळं वाखाणायचं म्हणून मी हे लिहीत नाही. या कपाटाला मोठी भोकं आहेत. बाईला १९७१ पर्यंत गॅरेजच्या आवारात पाऊल टाकायला मनाई होती. जॅनेट गथ्री ही भौतिकशास्त्र शिकलेली, विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, आपल्या जॅग्वारचं इंजिन स्वतः खोलणारी. १९७७ मध्ये ती पाचशे मैलांच्या शर्यतीला पात्र ठरलेली पहिली स्त्री, आणि १९७८ मध्ये मोडलेल्या मनगटाने नववी आली. तिचं आत्मचरित्र २००५ मध्ये आलं. चार्ली विगिन्सचं प्रकरण तर जास्तच लाजिरवाणं. तो इंडियानापोलिसचा कृष्णवर्णीय मेकॅनिक-ड्रायव्हर. गोऱ्यांच्या शर्यतीत प्रवेश नव्हता, म्हणून कृष्णवर्णीयांनी १९२४ पासून राज्याच्या जत्रेच्या मैदानावर आपली ‘गोल्ड अँड ग्लोरी’ शर्यत भरवली. विगिन्स ती अनेकदा जिंकला, १९३६ च्या अपघातात त्याचा पाय गेला. १९३४ चा विजेता बिल कमिंग्ज याच्या गाडीवर काम करायला तो झाडूवाला असल्याचं भासवून गॅरेजमध्ये शिरायचा, असं सांगतात. तो १९७९ मध्ये वारला. त्याच्यावरचं टॉड गूल्ड यांचं पुस्तक आलं २००२ मध्ये. त्याच्या स्वतःच्या शब्दांतलं आत्मचरित्र नाही.

आणि १९७८ मध्ये मराठीत दया पवारांचं ‘बलुतं’ आलं होतं. पाठोपाठ लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’. ज्याला वेशीबाहेर ठेवलं त्याने स्वतःच्या तोंडाने, आपल्या माणसांचे दोषही न लपवता लिहायचं, हे मराठीने करून दाखवलं. या बाबतीत इंडियानाचं अख्खं कपाट आपल्यापुढे फिकं आहे, आणि हे मी इथल्या मित्रांना सांगतोही. म्हणूनच आपल्याकडे लिहिणारे नाहीत ही सबब मला पटत नाही. जातीने काय भोगायला लावलं ते आपण लिहिलं. काम कसं केलं, हत्यार कसं धरलं, धंद्यातली लबाडी कशी शिकलो, हे मात्र ओघात आलं तर आलं. आपल्याकडे कारखानदाराचं चरित्र निघतं, त्याच्या फिटरचं नाही.

चुलतभावाला मी फोनवर म्हटलं, तू गाडा जुंपणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्यांना बोलतं कर, फोनवरच रेकॉर्ड कर. तो हसला. म्हणाला, “दादा, ते काय खरं बोलणारेत? बैलाला काय पाजलं ते सांगितलं की उद्या केस. आन् नाय सांगितलं तर तुझ्या पुस्तकात काय राहिलं?” त्याचं म्हणणं बरोबर आहे. स्मोकी युनिकनेही नियम कुठे कुठे वाकवले ते रंगवून सांगितलं, पण कारवाईची भीती संपल्यावर, म्हातारपणी. इथली बरीच पुस्तकं अशीच, माणसं निवृत्त झाल्यावर किंवा मेल्यावर आली आहेत. मग आत्ता रेकॉर्ड करून ठेवायचं आणि छापायचं नंतर, असं काहीसं करता येईल. नावं बदलायची की नाही यावर आमचं अजून जमलेलं नाही. तो म्हणतो बदलायची, गावात राहायचंय. मी म्हणतो बैलांची नावं तरी खरी ठेव.