पंचाची परीक्षा

आमची पद्मिनी मोटार १९८६ची. तिच्या धुरानं सोसायटीतले डास पळाले तोवर कुणाची तक्रार नव्हती. पण सिग्नलला थांबलं की ऑईलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा मिस्त्रींकडे गेलो. बॉनेटला हातही न लावता ते म्हणाले, "काका, इंजिन खोलावं लागेल."

खोललं. पिस्टनच्या रिंगा नाना पेठेत मिळाल्या, बोअर (म्हणजे पिस्टन वरखाली होतो ती नळकांडी) लेथवाल्याकडून मारून आले आणि एका संध्याकाळी मिस्त्रींनी नुसता ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी धड, टेम्पोत घालून माझ्या दारात उतरवला. "आतली भोकं तुम्हीच धुवा. आमची पोरं एकदा हवा मारतात आणि झालं म्हणतात."

तोवर माझी समजूत अशी, की बरणीत लोणचं असतं तसं इंजिनात ऑईल असतं. पण आत केवढी गावं वसलेली! पंप ऑईल ढकलतो, ते ब्लॉकच्या पोटातल्या लांब बोगद्यातून जातं, क्रँक हा फिरता दांडा ज्यांत बसतो त्या मेन बेअरिंगांकडे फाटे फुटतात, तिथून क्रँकमधल्या तिरक्या भोकांतून बिगएंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथे, आणि एक वाट वर व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकर शाफ्टकडे. बोअर मारताना उडालेला कीस यात कुठे राहिला, तर नवं ऑईल तो इमानेइतबारे उचलून नव्या बेअरिंगच्या मऊ धातूत नेऊन रुतवतं. म्हणजे खर्च पुन्हा पहिल्यापासून.

आधी डिझेलनं धुतलं. वीस-पंचवीस वर्षांचा काळा गाळ निघाला, मी खूश. मिस्त्री फोनवर म्हणाले, डिझेलनं चिकटा जातो, बारीक भुकटी तशीच राहते. गरम पाणी आणि कपड्यांचा साबण घ्या. ब्लॉकला अभ्यंगस्नान! नातवाच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश बोगद्यात शिरेना (बरंच झालं, सुनेला कळलं नाही), म्हणून परीक्षानळीचे ब्रश आणले. दहावीत रसायनशास्त्रात काठावर पास झालेल्या माणसाच्या नशिबी साठीत पुन्हा परीक्षानळी आली.

आणि मग खरा छळ. भोकातून पांढरं फडकं ओढायचं, ते पांढरंच बाहेर आलं पाहिजे. पहिलं काळं. पाचवं राखाडी. आठवं जरा बरं, म्हणून नववं मोठ्या आशेनं ओढलं, तर ते पुन्हा काळं! फडकी संपली तेव्हा माझा पूजेचा पंचा फाडला.

"अहो, तो सोवळ्याचा होता!"

"हेही सोवळंच चाललंय."

यावर ती जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

अकराव्या पट्टीला पंचा पंचासारखा बाहेर आला. लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत तांबूस होतं, म्हणून लगेच हवा मारली, सगळीकडे ऑईल चोळलं, वर प्लॅस्टिक गुंडाळलं आणि मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पंचाची पट्टी उजेडात धरून पाहिली, मान डोलावली, मग ब्लॉक फिरवून बोगद्याच्या दुसऱ्या टोकाशी बोट ठेवलं.

"काका, हे बूच काढलंच नाहीत?"

"हे बूच आहे?"

त्यांनी ड्रिल मारून ते उपटलं. मागून पेढ्याएवढा काळा गोळा टपकन माझ्या चपलेवर पडला.

आतून आवाज आला, "गीझर लावू का परत?"